मरोद्याच्या अंगणातली यादवी

माझे बाबा आणि काका अख्खी नोकरी एकाच घरात राहिले आणि कधी भांडले नाहीत, याचं आमच्या नातेवाइकांना फार कौतुक. भंडाऱ्याकडे कुठल्याही लग्नाला गेलो की कोणीतरी पंगतीत बोट दाखवून सांगायचं, भाऊ असावे तर असे. मी शाळेत इतिहास शिकवते. कौतुक ऐकलं की आधी त्यामागचं कारण शोधायची मला खोड आहे, आणि इथलं कारण अगदी साधं होतं. दोघं भिलाईच्या पोलाद प्लांटच्या एकाच रोलिंग मिलमध्ये, एकाच कंट्रोल केबिनमध्ये, एकाच खुर्चीवर कामाला होते. शिफ्ट तेवढी वेगळी; भेट व्हायची ती शिफ्ट बदलताना, मशीनबद्दल बोलण्यापुरती. बाबा कामावर गेले की काका घरी झोपलेले असायचे आणि काका खुर्चीत बसले की बाबा घरी येऊन घोरायचे. भांडायला दोन माणसं घरात एका वेळी जागी तरी असावी लागतात. तेच कधी जमलं नाही.

मग दोघं रिटायर झाले, आधी बाबा आणि मागोमाग काका. क्वार्टर सोडून भिलाईतच, मरोद्याला आम्ही घर बांधलं होतं. मध्ये अंगण, डावीकडे आम्ही, उजवीकडे काका-काकू. मागे दोघांचं मिळून एक स्वयंपाकघर, वर एक गच्ची, पुढे एक फाटक. काकांचा मुलगा नागपूरला नोकरीला, आणि मी लग्न न करता इथंच, आईबाबांच्या बाजूला. घर बांधताना दोघा भावांनी एकमेकांना विचारून एकही भिंत घातली नव्हती, कारण विचारायला दोघं एका वेळी हजर नसायचे. तरी घर चांगलं झालं.

आता मात्र दोघंही सकाळी साडेपाचला उठून अंगणात समोरासमोर यायला लागले. पेपर कोणी आधी उघडायचा, चहात आलं घालायचं की नाही, रेडिओ किती मोठा लावायचा, सगळ्यावर मतभेद. बाबांना घडी न मोडलेला पेपर लागतो. काका पेपर असा वाचतात की नंतर तो इस्त्रीला द्यावा लागेल. शेवटी एक दिवस काकांनी पंप चालू ठेवला आणि टाकी वाहून अंगणात तळं झालं. बाबा पोहे खाता खाता म्हणाले, “प्लांटमध्ये असता तं चार्जशीट भेटली असती.”

काकांनी ताटली खाली ठेवली. “दादा, आपलं आता एका जागी जमून नाही राहिलं. मी माझा भाग विकतो अन् नागपूरले जातो पोराकडे. वेगळे होऊन जाऊ.”

“जा,” बाबा म्हणाले, आणि वरून लिंबू पिळून घेतलं.

मग ते उठून थेट माझ्या खोलीत आले आणि पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले. त्यांनी आयुष्यात पेपर आणि मशीनची मॅन्युअल सोडून दुसरं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी सगळ्यात जाड पुस्तक काढलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचं, नकाशेवालं.

“यात कोण कोणाशी भांडून राहिलं?”

मी सांगितलं, दक्षिणेची राज्यं म्हणाली आम्ही वेगळे होतो, उत्तरेची म्हणाली होऊ देत नाही. मूळ गुलामगिरीत आहे, असं मी पुढे समजावून सांगायला लागले, तर बाबा म्हणाले, ते राहू दे, आपल्या घरी तसलं काही नाही. आई आतून म्हणाली, “मले विचारून सांगा जरा.”

“कोण जिंकलं?” बाबांनी विचारलं.

“उत्तर.”

“मंग आपण उत्तर,” ते म्हणाले आणि पुस्तक घेऊन गेले.

त्या दुपारी आईनं मला भाजी निवडायला म्हणून बोलावलं आणि दार लोटून घेतलं. “तुह्या बापाच्या घशाखाली घास उतरून नाही राहिला,” ती म्हणाली. “पोहे तसेच टाकले त्यानं झाडाखाली, मी पाहिलं ना. लहाना गेला तं हा माणूस वाळून जाईल. पण तोंडानं ‘थांब’ म्हणन का? नाही म्हणणार.” मी म्हटलं, मग तू सांग काकांना. आई म्हणाली, दिरानं माझं ऐकलं असतं तर त्यानं पंप बंद केला असता. मला दोघांचाही इतका संताप आला की मी पालकाची चांगली पानंही फेकून दिली.

बाबांनी पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं. माझं पुस्तक, त्यांची पेन्सिल. पहिला धडा त्यांनी बचावाचा घेतला. त्या युद्धातल्या बंदुकांचा पल्ला लांब होता, त्यामुळे उघड्या मैदानावरून चालून येणाऱ्यांचीच जास्त माणसं पडायची. मातीआड बसलेली थोडी माणसं समोरच्या मोठ्या फौजेला थोपवून धरायची. म्हणून शहाणा सेनापती काय करतो, तर उंच जागा धरतो आणि खंदक खणतो. बाबांनी या ओळीखाली दोनदा रेघ मारली आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन गच्चीवर गेले.

मे महिना होता. मे महिन्यात भिलाईच्या गच्चीवर दुपारी फक्त कुरडया बसतात. बाबा डोक्याला ओला गमछा गुंडाळून कुरडयांच्या मध्ये बसले आणि फाटकावर नजर ठेवून राहिले. का, तर घर विकायचं म्हणजे आधी अंगणात मधोमध भिंत घालावी लागणार, त्याशिवाय अर्धं घर कोण घेईल? भिंत घालायला मिस्त्री येणार, आणि तो फाटकातूनच येणार. तर्क चोख होता. थोड्या वेळानं काकू जिना चढून वर गेली, ताकाचा गडवा खुर्चीजवळ ठेवला आणि म्हणाली, “भाऊजी, चक्कर आली तं आवाज द्या, आमी खालीच आहो.” शत्रूकडून रसद घेऊ नये असं पुस्तकात असेल, पण बाबांनी ताक प्यायलं.

दुसऱ्या दिवसापासून उन्हं चढायच्या आधी त्यांनी खंदक खणायला घेतला. फाटकापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत, सरळ दोरी लावून, बरोब्बर अंगणाच्या मधून. काका त्यांच्या वऱ्हांड्यात बसून पेपर चुरगळत हे पाहत होते, अडवत नव्हते. बाबांना वाटलं, भाऊ घाबरला. रोलिंग मिलमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला रेष सरळ ठेवायला सांगावं लागत नाही. खंदक इतका सुबक झाला की मीसुद्धा कौतुक केलं.

मग खुर्सीपारहून मिस्त्री आला. खांद्यावर थापी, हातात ओळंबा. फाटकात उभा राहून त्यानं अंगण पाहिलं, खंदकाच्या कडेनं चालत टोकापर्यंत गेला, वाकून खोली पाहिली आणि बाबांकडे मोठ्या आदरानं बघत म्हणाला, “बाबूजी, नींव ला तो आप मन पहिलीच ले खोद डारे हव. अब हमन का करबो?”

म्हणजे पाया तर तुम्हीच खणून ठेवलाय, आता आमच्यासाठी काय उरलं? काका पेपरामागून म्हणाले, “दादा, थँक यू.” बाबा गच्चीवर गेले ते चहालाही खाली उतरले नाहीत. मी मान फिरवून इतकी हसले की आईनं मला चिमटा काढला, आणि मग काकूबरोबर ओट्यामागे जाऊन ती स्वतः हसली.

पण सेनापती म्हणजे काही एका डावात हरणारा माणूस नव्हे. मिस्त्री विटा बघायला गेला तेवढ्यात बाबांनी खंदकात शेणखत भरलं आणि संध्याकाळपर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वांग्याची रोपं लावली. आता काका भरल्या वांग्यासाठी जीव टाकणारे. त्यात लावलेलं रोप उपटणं त्यांच्याच्यानं होत नाही. आमच्या गावाकडच्या माणसाला नाहीच होत. मिस्त्री विटा घेऊन आला तेव्हा काका वाकून एका रोपाचं पान उलटून बघत म्हणाले, “वांगे निघून जाऊ दे. मंग पाहू.” मिस्त्रीनं विटा फाटकाजवळ रचल्या आणि सायकलवर बसून निघून गेला. बाबा माझ्या खोलीत येऊन म्हणाले, “विजय.” मी म्हटलं, याला युद्धविराम म्हणतात. ते म्हणाले, तू पोरांना असंच शिकवतेस म्हणून पोरं नापास होतात.

यानंतर त्यांना पुस्तकात खोट्या तोफा सापडल्या. तोफा कमी पडल्या की काही सेनापती लाकडाचे ओंडके काळे रंगवून तटबंदीवर ठेवायचे आणि समोरचा लांबून बघून थबकायचा. बाबा भिलाईतल्या पावर हाऊस भागातल्या बाजारात गेले आणि एक नकली कॅमेरा घेऊन आले, काळा, गोल, आत काहीच नसलेला. तो त्यांनी काकांच्या दारावर रोखून बसवला. काका रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून भांग पाडायला लागले.

“दादा, याले वायर कावून नाही?”

“वायरलेस आहे.”

“मंग लाईट कावून लागून नाही राहिला?”

“तो अंधारात लागते.”

काकांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण हल्ला कसा करायचा ते त्यांना उपजत कळत होतं. समोरून न येता बगलेनं यायचं, आणि सैन्यावर न जाता रसदेवर जायचं. पंपाचं बटण त्यांच्या बाजूला होतं. बाबा अंघोळीला साबण लावून उभे राहिले की पंप बंद व्हायचा. बाबांनी उलट हल्ला केला. वायफायचा डबा आमच्या बाजूला, त्याचा पासवर्ड त्यांनी बदलला. काकांची यूट्यूबवरची कीर्तनं बंद पडली, काकूची मालिका बंद पडली, आणि नातवाशी व्हिडिओवर बोलणं बंद पडलं तशी काकू सरळ माझ्याकडे आली. “पोरी, पासवर्ड काय आहे वं?” मी सांगितला. फितुरीबद्दल मला जराही वाईट वाटलं नाही.

बाबांना सगळ्यात मोठं दुखणं स्वयंपाकघराचं होतं. आई आणि काकू पूर्वीसारख्याच एका ओट्यावर, एका गॅसवर रांधत होत्या. दोन्ही फौजा एकाच भटारखान्यात जेवत होत्या. आदल्या दिवशी आखलेला डाव दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता पलीकडे पोचायचा. बाबांनी आईला बजावलं की गॅस वेगळा मांड. आई म्हणाली, “मांडा ना. अन् पोळ्याबी तुमीच करा.” तो प्रस्ताव तिथंच मागे घेतला गेला.

मी एकदाच रागानं वेडी झाले. दिवसभर बोर्डाचे पेपर तपासून घरी आले, घामानं अंग चिकट झालेलं, आणि नळाला पाणी नाही. डावीकडून बाबा म्हणाले, त्यानं पंप बंद केला. उजवीकडून काका म्हणाले, त्यानं वायफायचा डबाच बंद केलाय, तो आधी चालू करावा. मी पिशवी फेकली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला लाज नाही, म्हटलं. जगात माणसं खरोखर मरतात अशा लढायांत, आणि तुम्ही दोघं पिकल्या केसांचे बाप्ये पाण्याच्या बटणावर लढता, मी हॉस्टेलला जाऊन राहते. माझा आवाज चढला तसे दोघं आपापल्या दारातून धावत बाहेर आले. मला वाटलं, आता माफी मागतील. दोघं एका सुरात ओरडले, “वांग्यातून बाहेर निघ!”

त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं ते गिऱ्हाईक आलं तेव्हा.

अहिवाऱ्याकडचा एक माणूस होता. चुनखडीच्या खाणीवर त्याचे ट्रक चालायचे. भिंत नसली तरी भाग पाहून घेतो म्हणाला, म्हणून काकांनी त्याला बोलावलं. बाबांनी ठरवलं, आता समोरून चढाई करायची. मी त्यांना सांगितलं, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की तयारीत बसलेल्या शत्रूवर समोरून चालून गेलेल्या फौजांची काय गत झाली. बाबा म्हणाले, कधीकधी जावं लागतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात गेले, गिऱ्हाइकाच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि घराचे दोष सांगायला लागले. उन्हाळ्यात पाणी नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसते. डास आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारी मोठा भाऊ राहतो, तो डोक्यानं ठीक नाही.

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. “बाबूजी, आप जैसा पड़ोसी मिल जाए तो और क्या चाहिए,” असं म्हणून त्यानं दुसरा चहा मागितला. दोघांच्या गप्पा रंगल्या. काका बाजूला पडले. चहा संपवून तो माणूस उठला, कमरेवर हात ठेवून घराकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाला, एक काम करा, दोन्ही हिस्से देऊन टाका. पाडून गोदाम करतो.

आधी काका उठले. “गोदाम?” ते म्हणाले, आणि मग त्या बिचाऱ्याला अजिबात न कळणाऱ्या मराठीत सुरू झाले. “माह्या भावाचा हिस्सा कोण देऊन राहिलं बे तुले? त्याचं घर पाडशील? चाल, निघ!” बाबा दुसऱ्या बाजूनं उठले. दोघांनी त्याला मधे घेऊन फाटकापर्यंत नेलं आणि फाटकाच्या दोन फळ्या दोघांनी मिळून लावल्या. कडी काकांनी घातली. मग दोघं तिथंच उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, धापा टाकत. मी आईचा हात दाबला. वाटलं, संपलं हे सगळं. तेवढ्यात दोघांच्याही लक्षात आलं की आपण शत्रूच्या शेजारी उभे आहोत, आणि दोघं आपापल्या वऱ्हांड्याकडे चालते झाले.

पावसाळा गेला. वांगी आली आणि ती सगळ्यांनी मिळून खाल्ली. भिंतीचं नाव कोणी काढलं नाही, विटांवर शेवाळ धरलं. बाबांच्या हिशेबी उत्तरेचा जय झाला होता. पुस्तक त्यांनी मला परत केलं, समासात जागोजागी ‘लहान्या’ असं काकांचं घरचं नाव लिहून. पण नागपूरची गोष्ट आतल्या आत पुढे सरकत होती, आणि ती गच्चीवरून दिसण्यासारखी नव्हती. काकू एकदा मला म्हणाली, “मले तुमच्या भिंतीशी काही घेणंदेणं नाही वं. नातू बोबडं बोलून राहिला अन् मी फोनवर ऐकून राहिली. हे काय ऐकणं आहे?” तिच्या आवाजात भूक होती.

दिवाळी झाल्यावर चुलतभाऊ कार घेऊन आला, सामानाला छोटा ट्रक सांगितला. भाग विकायचा नाही, कुलूप लावून चावी बाबांकडे द्यायची, असं ठरलं होतं. सामान चढलं. काकू पुढच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली, आई खिडकीला धरून उभी राहिली. दोघी एकमेकींकडे न बघता लोणच्याच्या बरणीबद्दल बोलत होत्या. काका चावी घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, “दादा, चाल, चार्ज घेऊन घे.”

इथं प्लांटची एक रीत सांगावी लागेल. शिफ्ट बदलताना नुसतं उठून निघता येत नाही. जाणारा येणाऱ्याला सगळं सांगतो, कुठलं मशीन कसं चालतंय, काय गरम होतंय, कुठं लक्ष ठेवायचं. येणारा ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि मगच खुर्चीत बसतो. काही खटकलं तर तो म्हणतो, मी चार्ज घेत नाही. मग ते दुरुस्त होईपर्यंत जाणाऱ्याला जागा सोडता येत नाही, घरी ताट वाढून ठेवलेलं असलं तरी. बाबा आणि काका सगळी उमर एकमेकांना असाच चार्ज देत-घेत आले होते.

काका पुढे, बाबा हात मागे बांधून त्यांच्या मागे, आणि मी दोघांच्या मागे.

“पंखा ओके. दोन नंबरवर आवाज करते. मीटर पाहून घे. मागचं दार ओके. नळ ओके.”

बाबा नळाशी वाकले. “गळून राहिला.”

“एखादा थेंब.”

“थेंब म्हणजे गळतीच झाली. मी चार्ज घेत नाही.”

दुसरा कोणी असता तर हसून चावी टेबलावर ठेवून गेला असता. काकांचा चेहरा गंभीर झाला. ते बाहेर गेले, चुलतभावाच्या गाडीतून पाना काढून आणला, विजारीचे पाय वर दुमडले आणि नळ उघडून वायसर बदलायला बसले. नळ झाला. बाबा म्हणाले, दाराची कडी घासते. काकांनी कडी ठोकून बसवली. बाबा म्हणाले, खिडकीची काच हालून राहिली. काकांनी कागदाची घडी करून काच घट्ट केली. चुलतभाऊ आत येऊन म्हणाला, “बाबा, यार, ताला लगाओ और चलो ना. मोठेबाबा, प्लीज, ट्रकवाला चिल्ला रहा है.”

“तू चूप बस,” काका घाम पुसत म्हणाले. “चार्ज दिल्याशिवाय कसा निघू?”

शेवटी ट्रक पुढे निघून गेला. काका मात्र खोली-खोलीतून पाना घेऊन फिरत राहिले. बाबा एकेक दोष काढत होते आणि दोष लहान लहान होत चालले होते. हा डाव कुठल्या पुस्तकातला नव्हता. आतल्या खोलीत भिंतीतलं कपाट होतं. काकांनी त्याची दोन्ही दारं उघडून दाखवली, बिजागऱ्या हलवून दाखवल्या. सगळं ठणठणीत होतं. बाबांनी आत हात घालून फळी चाचपली.

“हे रिकामं आहे,” ते म्हणाले.

“रिकामं असणं हा काय फॉल्ट झाला का, दादा?”

“हो. हा फॉल्ट आहे.” बाबांनी कपाटाचं दार धरलं. “नको जाऊ, लहान्या. मले करमणार नाही.”

काकांनी पाना फरशीवर ठेवला आणि स्वतःही तिथंच खाली बसले. “हे तू आता बोलून राहिला?” ते म्हणाले. “त्या दिवशी पोहे खातानी मी म्हणलो, जातो. मले वाटलं तू म्हणशील, चूप बस, कुठी जातं? तू म्हणला, जा. मंग मी मिस्त्री आणला, वाटलं आता तरी म्हणशील. तू वांगे लावले. गिऱ्हाईक आणलं, तरी नाही. मी वाटच पाहून राहिलो होतो दादा. मंग एक दिवस पोराले हो म्हणून टाकलं. त्यानं आमच्यासाठी मोठं घर घेतलं. हिनं नातवाले शब्द दिला. आता कसा फिरू मी?”

“मले वाटलं तू लढून राहिला,” बाबा म्हणाले.

“तू लढून राहिला होता म्हणून मी लढलो.”

मला दोघांना धरून हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की मी तोंडावर ओढणी धरून दारात उभी राहिले. बाबा काकांच्या शेजारी फरशीवर टेकले. काकांचे हात काळे झाले होते, ते बाबांनी आपल्या धोतरानं पुसले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “दे. चार्ज घेतला.” काकांनी चावी दिली, वाकून त्यांच्या पाया पडले आणि मागं न बघता गेले.

त्यानंतर बाबांचं काय झालं ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. जे वाक्य आयुष्यभर तोंडातून निघालं नव्हतं ते एकदा निघालं आणि मग थांबेचना. दूधवाल्याला ते म्हणाले, मन नहीं लग रहा. विटा परत न्यायला आलेल्या मिस्त्रीला बसवून घेऊन तेच सांगितलं. माझ्या प्रिन्सिपल मॅडमचा फोन त्यांनी उचलला तर त्यांनाही सांगितलं. काकांना तर रोज सकाळी, पेपरची घडी मोडायच्या आधी, स्पीकरवर टाकून मोठ्यानं सांगायचे. तिकडून काका म्हणायचे, मले तरी कुठी करमून राहिलं, येऊन जा.

एक दिवस बाबांनी खरंच नागपूरचं तिकीट काढलं. आईनं वांग्याचा डबा भरून दिला. मी त्यांना दुर्ग स्टेशनवर सोडायला गेले. गाडी लागलेली होती. मी नेहमीसारख्या सूचना केल्या, औषध वेळेवर घ्या, पोचल्यावर फोन करा, काकांशी पंख्यावरून भांडू नका. ते चढले नाहीत, पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“तुले काही म्हणायचं आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही. जपून जा.”

“नाही कसं? असंन तं आताच म्हण. मले मनातलं ओळखता येत नाही, पोरी. येतच नाही.”

लोक धक्के देत होते, आमच्या दोघांच्या मधून एक हमाल ट्रंक घेऊन गेला. आमच्या घरात हे असं कोणी कोणाला विचारलेलं नव्हतं. मग मी म्हटलं, “बाबा, मलाही करमणार नाही. लवकर या.”

“हां,” बाबा म्हणाले. “येतो.” आणि गाडीत चढले.